पेंढ्याचा वाघ आणि आपली जीवदया

निसर्ग संग्रहालयांचंही हल्ली एक पंचांग झालंय. २० मार्चला चिमणी दिवस, २२ एप्रिलला वसुंधरा दिवस, २२ मेला जैवविविधता दिवस, ५ जूनला पर्यावरण दिवस, २९ जुलैला व्याघ्र दिवस, २ ते ८ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. आपल्या अष्टमी-चतुर्दशीसारख्या या तिथ्या ठरलेल्या. तिथी आली की संग्रहालयात चित्रकला स्पर्धा, प्रश्नमंजूषा, व्याख्यान, माहितीपट आणि सकाळी लवकर उठून पक्षीनिरीक्षण होतं. शेवटी प्रमाणपत्र आणि बिस्किटाचा पुडा.

या कार्यक्रमांची परीक्षा कुणी करत नाही. नाटक-सिनेमाची करतात, पुस्तकाची करतात, आमच्या मंडळातल्या रांगोळी स्पर्धेचीसुद्धा करतात. मग हजारो मुलांना प्राण्यांची पहिली ओळख जिथं होते, तिथं ती ओळख कशी करून देतात हे कुणी बघायला नको का? आपल्या समाजातल्या बायांनी तर बघायलाच हवं. जीवदया हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, आणि त्याच संग्रहालयांकडे पाठ फिरवतो.

पाठ फिरवायचं कारण मला माहीत आहे. आमच्या महिला मंडळाच्या सहलीत संग्रहालयाचा विषय निघाला, तेव्हा एका काकूंनी सरळ विचारलं, "मेलेली जनावरं बघायला पोरांना कशाला न्यायचं? पाप बघायलाही जायचं का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काचेमागचा वाघ कुणीतरी मारला होता, किमान तो मेला तरी होता. त्याच्या कातड्यात भरण टाकून, काचेचे डोळे बसवून त्याला उभा केलाय. ज्या घरात धान्यातला सोंडाही चिमटीत न चिरडता बाहेर नेऊन सोडतात, त्या घरातल्या बाईला हे बघून कसंतरी होणारच.

म्हणून आधी त्या कातड्यांची गोष्ट सांगते.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांत सहा साहेब होते आणि दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, आणि सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावलेलं लग्न मानायला जिने कोर्टात नकार दिला आणि पुढं जी डॉक्टर झाली, तीच ही रखमाबाई. तिच्या घरात झाडापानांचा अभ्यास करणारा बाप होता, हे आपल्या मुलींना सांगण्याजोगं आहे.

पण त्या काळात प्राण्याचा अभ्यास म्हणजे बंदूक. प्राणी मारायचा, कातडं सोडवायचं, मोजायचं, चिठ्ठी बांधायची आणि पेटीत ठेवायचं. १९११ पासून सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली. सुरुवात खानदेशातून झाली, मग ती बारा वर्षं देशभर चालली. त्यात हजारो जीव गेले. पुढं १९२२ साली मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी उघडलं आणि सोसायटीच्या मदतीने तिथं निसर्गविभाग उभा राहिला. १९२६ मध्ये त्या विभागात एका तरुणाला मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमलं. येणाऱ्या लोकांना, शाळेच्या पोरांना काचेमागचे प्राणी समजावून सांगायचे, एवढंच काम. तो तरुण म्हणजे सालिम अली.

सालिम अलींची गोष्टही बंदुकीपासूनच सुरू होते. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कसली चिमणी, हे विचारायला पोरगा सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला हाकललं नाही. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. एका मुलाच्या एका प्रश्नाला एका मोठ्या माणसाने वेळ दिला, त्यातून भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. संग्रहालयातल्या कार्यक्रमाची माझी कसोटी हीच आहे. तिथं प्रश्नाला वेळ मिळतो का?

आता कार्यक्रमाकडे येते. काही वर्षांपूर्वी वन्यजीव सप्ताहात एका सरकारी निसर्ग संग्रहालयात नात्यातल्या मुलांना घेऊन गेले होते. नाव लिहीत नाही, कारण जे पाहिलं ते एकाच ठिकाणचं दुखणं नाही. पाहुणे पाऊण तास उशिरा आले. तोवर सव्वाशे पोरं जमिनीवर बसून. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. समईभोवती पतंग घिरट्या घालत होते, एक-दोन जळून पडले. वन्यजीव सप्ताहाच्या व्यासपीठावर तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. चित्रकलेचा विषय होता 'आपले वन्यजीव'. निम्म्याहून जास्त पोरांनी वाघ काढला. वाघ त्यांच्यापैकी कुणी पाहिला असेल असं वाटत नाही, पण बक्षीस वाघालाच मिळतं हे त्यांना ठाऊक. एकाने घरातली पाल काढली होती, शेपूट तुटलेली, इतकी हुबेहूब की मी दोनदा बघितली. तिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

प्रश्नमंजूषा इंग्रजीत होती. शिकलेल्या गावची पोरं भराभर उत्तरं देत होती, सरकारी शाळेची गप्प. आणि आम्ही बाया? आम्हाला बाहेर व्हरांड्यात बसवलेलं, डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. आत या असं कुणी म्हणालं नाही. पोरांसोबत आलेली बाई म्हणजे सामान राखणारी, असाच त्या आखणीचा समज.

शेवटी दालनं बघायला सोडलं तेव्हा आम्ही आत गेलो. दाखवणारी मुलगी गोड होती, पाठ केलेलं भराभर सांगत होती. शास्त्रीय नाव, लांबी, वजन, आढळ. माझ्याबरोबरच्या एका सत्तरीच्या आजींनी बिबट्यापुढं थांबून विचारलं, "बाळा, हा मेला कशानं गं?" मुलगी गोंधळली. म्हणाली, "आजी, ते लिहिलेलं नाहीये." आणि पुढच्या काचेकडे गेली.

त्या सबंध दिवसात विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तो होता. आणि त्यालाच उत्तर नव्हतं.

माझं म्हणणं असं की संग्रहालयांनी हा प्रश्न टाळायचं कारण नाही. प्रत्येक काचेखाली एक ओळ जास्त लिहावी, हा जीव इथं कसा आला. 'अमक्या साली शिकारीत मारलेला', 'प्राणिसंग्रहालयात म्हातारपणाने मेलेला', 'रस्त्यावर गाडीखाली सापडलेला'. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून मांडून ठेवण्यासाठी मनाला येईल तशी शिकार करता येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून कातडी जतन करण्याचं केंद्र चालतं. तिथं आपोआप मेलेल्या प्राण्यांना हे रूप देतात. म्हणजे जुनी कातडी बंदुकीची आणि नवी मरणाची, असा फरक आहे. तो सांगितला तर आमच्या काकूंचा अर्धा आक्षेप तिथंच विरघळेल. लपवलं की संशय येतो.

आणि उरलेल्या अर्ध्या आक्षेपाला माझं उत्तर असं आहे. जी हिंसा होऊन गेली ती काचेकडे पाठ करून परत फिरत नाही. तिचा पुढच्या जिवांना उपयोग होतो का, एवढंच आता बघता येतं. आणि तो झाला आहे. इंग्लंडात अंडी गोळा करायचा फार जुना शौक होता. घरट्यातली अंडी पळवायची, भोक पाडून रिकामी करायची, कापसात मांडून ठेवायची. आपल्या दृष्टीने निव्वळ पाप. पण १९६७ साली रॅटक्लिफ नावाच्या शास्त्रज्ञाने ही जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली. साधारण १९४७ नंतरच्या ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली होती. आई उबवायला बसली की अंडं तिच्याच वजनाने फुटायचं. कारण होतं शेतात फवारलेलं डीडीटी. ती जुनी अंडी नसती तर फरक कळलाच नसता. पुढं देशोदेशी डीडीटीच्या शेतातल्या वापरावर बंदी आली आणि ससाणे सावरले. कपाटातली मेलेली अंडी जिवंत पिलांच्या कामी आली. वन्यजीव सप्ताहात ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि स्वयंपाकघरात अंडं न आणणार्‍या बाईलाही ती जन्मभर लक्षात राहील.

इथवर संग्रहालयाची झडती झाली. आता आपली घेऊ, नाहीतर ही परीक्षा एकतर्फी होईल.

आपली जीवदया मोठी आहे, जुनी आहे, पण ती निवडक आहे. दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय जगभर नावाजलेलं. तिथं दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार-गरुडासारख्या शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार करून पाठवतात. त्यामागची भावना मला कळते. पण घारीने तिचा आहार निवडलेला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रान उठलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पोती-पोती दाणे टाकून एकाच जातीचे पक्षी वाढवायचे, त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी माणसांची फुप्फुसं बिघडतात असं डॉक्टर सांगतात तरी ऐकायचं नाही, आणि त्याच शहरात खाडीचा चिखल बुजतो तेव्हा तिथल्या पाणपक्ष्यांसाठी मात्र एकही मोर्चा काढायचा नाही. याला दया म्हणायचं की सवय?

अज्ञानातली दया किती महाग पडते, याचा सर्वांत मोठा धडा गिधाडांनी दिलाय. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची. किळस यायची, पण दोन दिवसांत फक्त हाडं उरायची. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या अभयारण्यात नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांना हे आधी लक्षात आलं. बरीच वर्षं कारण सापडेना. रोग म्हणावा तर जंतू मिळेना. २००४ च्या सुमारास उलगडा झाला. डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक औषध होतं. म्हातार्‍या, लंगडणार्‍या गाई-बैलाला दुखू नये म्हणून ते टोचायचे. जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात काही जातींची शंभरातली नव्व्याण्णव गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं, पण आभाळ अजून भरलेलं नाही.

बघा, त्या औषधामागे कुणाचाही वाईट हेतू नव्हता. मुक्या जनावराचं दुःख कमी व्हावं हीच इच्छा. आपल्या पांजरपोळांची, गोशाळांचीही तीच इच्छा असते. पण एका जिवावरची दया दुसर्‍याच्या पोटात विष होऊन गेली, कारण मधली साखळी कुणाला माहीत नव्हती. 'पढमं णाणं तओ दया', आधी ज्ञान, मग दया, हे आपल्याच आगमातलं वचन प्रवचनात कितीदा ऐकतो. संग्रहालय हे त्या आधीच्या पायरीचं ठिकाण आहे. म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणं आपल्याला परवडणार नाही.

आणि ही पायरी आपल्याला नवी थोडीच आहे? हुलसूरच्या शेजारचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. तिथल्या तिसर्‍या सोमेश्वर राजाने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यात हरणांची, माशांची, ससाण्यांची बारीक माहिती आहे, पण ती राजाच्या करमणुकीसाठी, म्हणजे शिकार कशी करावी, गळ कसा टाकावा यासाठी. त्यानंतर शतकभराने हंसदेव नावाच्या जैन पंडिताने 'मृगपक्षिशास्त्र' लिहिलं. कथा अशी सांगतात की एक राजा शिकारीला गेला, पळणारे प्राणी पाहून त्याला त्यांच्या सौंदर्याची भूल पडली आणि मारण्याऐवजी त्यांना जाणून घ्यावं असं वाटलं. त्यातून हा ग्रंथ झाला. मारुती चितमपल्लींनी तो मराठीत आणला. म्हणजे प्राण्यांचं ज्ञान दोन्ही वाटांनी जातं. एक वाट बंदुकीकडे, दुसरी करुणेकडे. संग्रहालयातल्या कार्यक्रमात दुसरी वाट दाखवली जावी, एवढीच अपेक्षा.

चितमपल्ली आपल्या शेजारच्या सोलापूरचे. पक्षी सप्ताहाची तिथी त्यांच्याच जन्मदिवसाने, ५ नोव्हेंबरला सुरू होते आणि १२ नोव्हेंबरला, सालिम अलींच्या जन्मदिवशी संपते. १८ जून २०२५ रोजी ते गेले. वनखात्यात नोकरी करून या माणसाने पारधी, गोंड, कोळी अशा रानातल्या लोकांकडून प्राण्यांची नावं, सवयी ऐकल्या, टिपल्या आणि त्यांचा कोश केला. संग्रहालयांनी हे शिकायला हवं. ज्ञान फक्त व्यासपीठावरून खाली येत नाही, ते व्हरांड्यात डबे सांभाळत बसलेल्या बायकांकडेही असतं.

काय असतं? सांगते. पाणी गाळून, गाळण्यातले जीव परत त्याच आडात सोडायची आपली रीत. कुठल्या महिन्यात पाण्यात जास्त जीव दिसतात हे जुन्या सासवांना तोंडपाठ. पोरकिडा केव्हा होतो, सोंडा केव्हा, कडुनिंबाचा पाला किती दिवस टिकतो, चातुर्मासात पालेभाजी का टाळायची, हे सगळं निरीक्षणच आहे. पाठशाळेत पोरं जिवांना इंद्रियांनी मोजायला शिकतात. शंख, अळी, गांडूळ दोन इंद्रियांचे, मुंगी-ढेकूण तीन, माशी-डास-भुंगा चार, आणि मग पाच. विज्ञान वेगळं मोजतं. मुंगीला डोळे असतात हे संग्रहालयातली मुलगी भिंगाखाली दाखवेल, आणि ते बघून पाठशाळेने घाबरायचं कारण नाही. पण आपल्या मोजणीत एक गोष्ट आहे जी संग्रहालयात हरवते. लहान जीवही मोजणीत आहे. तिथं सगळी जागा वाघ-हत्तीला, आणि किडे कोपर्‍यातल्या पेटीत टाचणीला टोचलेले.

देवळातही आपण प्राणी ओळखायलाच शिकतो. मूर्तीच्या बैठकीवरचं लांछन बघून तीर्थंकर ओळखायचे. बैल दिसला की ऋषभनाथ, गेंडा श्रेयांसनाथ, साळिंदर अनंतनाथ, हरीण शांतिनाथ, कासव मुनिसुव्रत, साप पार्श्वनाथ, सिंह महावीर. सुमतिनाथांचा चक्रवाक म्हणजे हिवाळ्यात आपल्या मांजरा-कारंजाच्या पाण्यावर उतरणारं ते नारिंगी बदक, हे किती जणींना माहीत आहे? मुनिमहाराजांच्या हातातली पिंछी मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. आणि नेमिनाथ? लग्नाच्या मांडवाकडे जाताना मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकू आला आणि रथ फिरवला. राजुल मागे राहिली. त्यांना प्राणी आधी ऐकू आले. काचेमागच्या दालनात आवाजच नसतो. एखाद्या संग्रहालयाने चातुर्मासात आमच्यासारख्या बायांना बोलावून लांछनांची फेरी काढावी. चिन्ह देवळातलं, प्राणी काचेतला, आणि त्याचा खरा आवाज यंत्रावर. वन्यजीव सप्ताह दरवर्षी चातुर्मासातच येतो, वेगळा मुहूर्त शोधायला नको. मग बघा व्हरांडा रिकामा होतो की नाही.

आता आमच्या भागाचं. हुलसूरहून मुंबईचं संग्रहालय रात्रभराच्या प्रवासावर, आणि म्हैसूरला करंजी तलावाकाठी केंद्र सरकारचं निसर्ग संग्रहालय आहे ते राज्याच्या दुसर्‍या टोकाला. मुंबईच्या संग्रहालयाने २०१५ पासून बसमधलं फिरतं संग्रहालय काढलंय, शाळा-शाळांत जातं. कल्पना फार चांगली. कलबुर्गी-बिदरकडच्या शाळांसाठीही कुणीतरी असं काही करावं, पाट्या कन्नड आणि मराठी दोन्हींत. आमच्या पोरांना अडचण नाही, कन्नडातला टिट्टिभ आणि मराठीतली टिटवी एकच, हे ती चटकन पकडतात.

आणि त्या बसमध्ये पेंग्विन नको. काळवीट हवं. बिदरजवळ होन्नीकेरीच्या माळाकडे अजून काळविटांचे कळप दिसतात. शेतकर्‍याच्या हरभर्‍यात तोंड घालतात म्हणून शिव्याही खातात. ही दोन्ही बाजूंची गोष्ट पोरांनी ऐकायला हवी, कारण उद्या निर्णय त्यांनाच घ्यायचाय. कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचं अभयारण्य आहे, साधारण १३५ चौरस किलोमीटरचं. कोरडवाहू मुलखातलं जंगल, लांडगा, तरस, खोकड यांचं घर. आमच्याकडच्या कितीतरी घरांत ताडोबाला जाऊन आलेले लोक सापडतील, चिंचोळीला गेलेलं एकही नाही.

माळढोकाचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. पुढं ते कितीतरी आटलं. राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा असं सालिम अलींचं मत होतं. आज सबंध देशात ते दीडशेही उरलेले नाहीत. उघड्या माळाला आपण पडीक म्हणतो, आणि पडीक म्हटलं की तो कुणाचाच नसतो. माळावर प्लॉट पाडणार्‍यांत आपलेही लोक आहेत. जीवदयेच्या पावत्या फाडून झाल्यावर हा प्रश्न मंडळात कुणी विचारत नाही. काही वर्षांनी माळढोक फक्त काचेमागे उरला, तर तेव्हा आपली नात विचारेल, "आजी, हा मेला कशानं?" त्या पाटीवर काय लिहिणार आपण?

संग्रहालयंही अमर नसतात. २६ एप्रिल २०१६ च्या रात्री दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग संग्रहालय आगीत जळालं. १९७८ पासून जमवलेलं एका रात्रीत गेलं. जे जीव आधीच एकदा मेले होते ते दुसर्‍यांदा गेले. तेव्हा त्या बातमीवर आपल्याकडे फारसं कुणी बोललं नाही. ते आपलं वाटतच नव्हतं, कारण त्याने आपल्याला कधी आत बोलावलं नव्हतं आणि आपणही कधी गेलो नव्हतो. दोन्ही बाजूंनी चूक आहे, असं माझं मत.

म्हणून हिशेब असा मांडते. या कार्यक्रमांचं चांगलं ते चांगलं. पोरं भिंगातून मुंगी बघतात, सकाळी सहाला उठून तळ्यावर जातात, शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी बघायला मुंबईची गर्दी लोटते, ही काही लहान गोष्ट नाही. मोबाइलमधून मान वर निघते. पण भाषणं कमी करा, पाहुण्यांची वाट बघणं बंद करा, वाघाबरोबर पालीलाही बक्षीस द्या, आयांना आत घ्या, प्रश्नाला वेळ द्या आणि प्राणी कसा मेला ते खरं सांगा. आणि आपण? आपण जावं. काचेपुढं उभं राहून कसंतरी होईल, होऊ द्यावं. ते कसंतरी होणं म्हणजेच आपली शिकवण अजून जिवंत आहे. फक्त तिथून परत फिरू नये, पुढं विचारावं.

ज्यांना संग्रहालय लांब पडतं त्यांच्यासाठी एक सोपा कार्यक्रम आहे, त्याला तिकीट नाही की पाहुणा नाही. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपल्या परसातले पक्षी मोजतात. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसले तेवढे पक्षी लिहायचे. भाजी निवडताना, गच्चीवर पापड राखताना आपण एरवीही बसतोच. मोजताना कबुतरं किती, चिमण्या किती आणि घार किती, हे वेगवेगळं लिहायचं. यंदा आमच्या मंडळात हा विषय मी ठेवणार आहे. वही आणि पेन्सिल माझ्याकडून. आणि ज्या काकूंनी सहलीत आक्षेप घेतला, त्यांच्याकडेच पहिल्या दिवसाची नोंद द्यायची, कारण त्यांच्या अंगणातल्या बोरीवर सगळ्यात जास्त पाखरं येतात.